मालागुतींचा उतरता सूर

पडद्यावर आईच्या निरोपाचं गाणं सुरू झालं आणि एर्सीलियाने नातीचा दंड घट्ट धरला.

"आजी, सोड ना, बाळ उठेल," ओरिएत्ता कुजबुजली. तिच्या मांडीवर तीन महिन्यांचं लेकरू झोपलं होतं.

रविवारची दुपार. चर्चशेजारच्या टॉकीजमध्ये सारं गाव भोपळ्याच्या बिया फोडत बसलं होतं. गावचे संगीतकार मास्त्रो मालागुती यांच्यावर रोमच्या लोकांनी सिनेमा काढला होता. मास्त्रोंच्या हातचे मूळ कागद त्यांच्या पुतण्याच्या ट्रंकेत सापडले, गाणी त्यांवरूनच गायली आहेत, असं वर्तमानपत्रात आलं होतं. ते वाचल्यापासून चार दिवस एर्सीलिया घराबाहेर पडली नव्हती.

बावन्न वर्षांपूर्वी त्या कागदांची नक्कल तिनेच केली होती. मास्त्रो अंथरुणाला खिळलेले, त्यांचा ऑपेरा बसवणाऱ्या मिलानच्या थिएटरची घाई. लिहिताना गुणगुणायची तिला सवय. निरोपाच्या शेवटच्या ओळीत मास्त्रोंनी सूर खाली उतरवला होता. गुणगुणताना तिचा वर चढला, आणि हातही त्याच्यामागे गेला. चूक लक्षात आली तोवर नक्कल छापून झाली होती. पहिल्या प्रयोगाआधीच मास्त्रो गेले. तेव्हापासून साऱ्या गायिका तिचाच सूर गात आल्या. गावातल्या आयांनी त्याच सुरावर पोरं निजवली. तिने मात्र पाद्रीबाबांपुढे कबुलीला बसतानासुद्धा ही गोष्ट ओठांवर येऊ दिली नव्हती.

शेवटची ओळ आली. पडद्यावरची गायिका खाली उतरली.

बियांचा आवाज थांबला. मागून एक शिट्टी आली, मग दहा, मग सगळं टॉकीज. बेसूर गाणाऱ्याला या गावाने कधी सोडलेलं नाही.

"बाई गं, घसरलीस कुठे?" न्हावी आमिल्कारे उभा राहून पडद्याला म्हणाला. "हे असं असतं." त्याने ती ओळ वर चढवून म्हटली. दोनशे माणसांनी त्याच्यामागे म्हटली.

मध्यंतराचे दिवे लागले. पुढच्या रांगेतला सिनेमा कंपनीचा माणूस लालबुंद होऊन उठला. "आम्ही मास्त्रोंच्याच कागदांवरून..."

"कागदाचं कुणाला सांगता?" आमिल्कारे म्हणाला. "ही बसलीय आमची एर्सीलियामावशी. मास्त्रोंचं पानन् पान हिच्या हातून गेलंय. मावशी, ऊठ. सांग ह्यांना, काय लिहिलं होतं ते."

सगळ्या माना वळल्या. एर्सीलिया समोरची खुर्ची धरून उभी राहिली.

"तिने बरोबर म्हटलं," ती म्हणाली. "मास्त्रोंनी सूर खालीच लिहिला होता. वर मी नेला. माझी चूक."

कुणी हसलं नाही. आमिल्कारे तिच्याजवळ आला आणि तिची घसरलेली शाल त्याने सारखी केली.

"बस, मावशी, बस," तो हळूच म्हणाला. मग कंपनीच्या माणसाकडे वळला. "बघितलंत? म्हाताऱ्या बाईलाही गोंधळात टाकलंत."

दिवे विझले. शिट्ट्यांनी उठलेलं बाळ रडत होतं. ओरिएत्ताने त्याला खांद्यावर घेतलं आणि थोपटत गुणगुणू लागली. शेवटच्या ओळीला तिचा आवाज वर गेला. एर्सीलियाने नातीच्या तोंडाकडे नेलेला हात अर्ध्यावरून मागे घेतला.

बाळ झोपलं.