बारावी गुलाबदाणी

"वहाणा अठीच काढा, भाऊ," लतीफाबी म्हणाली. "राजा नाई राह्यला, पण उंबरठा हाये."

बापूराव तांबटाने वहाणा काढल्या. काखेतली पुरचुंडी मात्र खाली ठेवली नाही. मंगरूळपिराहून किन्हीराजापर्यंत बैलगाडीने आणि पुढचे दोन कोस पायी, तो ती तशीच धरून आला होता.

लतीफाबी पासष्टीची. राजेसाहेब निपुत्रिक गेले, राजवाडा सरकारजमा झाला, आणि झाडलोट करायला, आल्यागेल्याला वाडा दाखवायला सरकारी साहेबाने तिला नेमलं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा वाजत होता.

"काय पाह्यता?"

"सारंच दाखवा, चाची."

खोटं होतं ते. त्याला एकच दालन पाहायचं होतं. पण तीस वर्षं थांबलेला माणूसही शेवटच्या घटकेला आणखी अर्धा तास मागतोच.

तिने कचेरी दाखवली, हत्तीचा चौक दाखवला, जाळीची खिडकी दाखवली. "अठी राणीसाहेब बसत. राजेसाहेब कोनाकोनाशी हासून बोलते, ते पाहाले." मग दरबाराचं कुलूप काढलं.

"दसऱ्याले अठी बारा मानकरी बसत. हरेकाच्या नावाची चांदीची गुलाबदाणी. राजेसाहेब सोता उठून शिंपडत. ज्याच्या आंगावर गुलाबपाणी नाई पडलं, त्याचा मान गेला समजा."

भिंतीत बारा कोनाडे होते. अकरांत गुलाबदाण्या, साऱ्या काळवंडलेल्या.

"चांदी मोठी नखरेल असते, भाऊ. दसऱ्याले चिंचेनं घासा, दिवाळीपावतर पुन्हा काळी."

बारावा कोनाडा रिकामा होता. बापूरावाची मान आपोआप खाली गेली.

"आन ही?" त्याने विचारलं. विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"चोरीले गेली. त्या दसऱ्याले बारावा मानकरी कोरडाच राह्यला, भर दरबारातून उठून गेला. आधी राजेसाहेबाचं नाक कापलं, मंग पहारेकऱ्याचं. पहारा माह्या घरवाल्याचा होता. गफ्फार त्याचं नाव."

गफ्फारला डोक्यावर जोडे देऊन दिवसभर दरवाज्यात उभं केलं होतं. त्यानंतर तो बाजारात दिसला की लोक खिसे चाचपत. पोरीची सोयरीक दोनदा मोडली.

"सातव्या साली मेला. मरताना बी म्हने, लतीफा, म्या नाई घेतली. मले ठावं होतं. पन बायकोची गवाही कोन धरते?" ती हसली. "आता पाहा, चोराच्या बायकोपाशीच किल्ल्या!"

बापूरावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दसऱ्याआधी वाड्यावरची तांब्या-पितळेची भांडी कलईला निघत, आणि ते काम त्याच्या बापाचं, पुंजाजी तांबटाचं. आठ दिवस मागच्या चौकात भट्टी पेटे. पुंजाजीने कलई केलेलं भांडं पाहून सोनारसुद्धा चांदी समजून हात पुढे करी, असं लोक म्हणत. अठरा वर्षांचा बापूराव भाता ओढायचा. शेवटच्या दिवशी दरबारात कोणी नव्हतं. त्याने कोनाड्यात हात घातला. नुकतं लग्न झालं होतं, बायकोपुढे मिरवायचं होतं, बाकी कारण काहीच नव्हतं. पुढे बोभाटा झाला तशी ती कुणाला दाखवायची छाती झाली नाही. त्याच वर्षी बापाने मंगरूळपिरात माडीचं घर बांधायला घेतलं होतं. त्या ओल्या भिंतीत त्याने ती फडक्यासकट चिणून टाकली. ती काल काढली.

"चाची, मी पुंजाजी तांबटाचा पोरगा."

लतीफाबीचा चेहरा एकदम उजळला. "मंग आधी काहून नाई सांगतलं? लई दिलाचा मानूस! सारं गाव थुंकलं आमच्यावर, पन तो दर ईदीले गहू धाडे. वाड्याची पायरी मात्र पुन्हा नाई चढला. कसे हायेत?"

"गेले. परवा तेरावा झाला."

तिने पदर डोळ्यांना लावला. ते बापूरावाला बघवेना. बापाने पोराचं पाप ओळखलं होतं आणि मुकाट्याने तो ते फेडत राहिला, हे बापूरावाने कधीच ताडलं होतं. त्या देवमाणसाच्या पांढऱ्या केसांना काळं कसं फासायचं? म्हणून तर बाप मरेपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही.

"गफ्फारभाईनं नाई घेतली, चाची," तो म्हणाला. "म्या घेतली, घराच्या भिंतीत चिणून ठेवली."

लतीफाबी खाली बसली. मग इतकंच म्हणाली, "हे बाजाराच्या दिवशी सांगसान? साऱ्यांसमोर?"

"सांगीन. माह्या डोक्यावर जोडे द्या, दिवसभर उभा राह्यतो. पन माह्या बापाले कोनी बोल लावू नका. चोर मी एकटा."

"खोला ते."

गाठ सुटेना. शेवटी दातांनी सोडली. लतीफाबीने गुलाबदाणी उचलली आणि बाराव्या कोनाड्यात ठेवली. दोन पावलं मागे सरून ओळीकडे पाहत राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "या अकरा काळ्या हायेत. ही तीस वर्षं भिंतीत राह्यली, मंग ही काळी काहून नाई पडली?"

बापूरावाने ती पुन्हा हातात घेतली. तीस वर्षांत तो पहिल्यांदाच तिच्याकडे तांबटाच्या नजरेने पाहत होता. तळाशी, जिथे गाठ घासत आली होती, तिथे पितळेची एक बारीक पिवळी रेघ उघडी पडली होती; खरी चांदीची त्याच्या आधीच कोणीतरी नेली होती. बाकी सगळीकडे पांढरी, पातळ, एकसारखी कलई, कुठे डाग नाही की ओघळ नाही.

असा हात मंगरूळपिरात एकाच तांबटाचा होता.