आकडीची खूण

खुंटी काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीच्या तोंडाशीच अडली. अनुसूयेने ती काढून घेतली, पुंगळी साच्यात उभी केली आणि दांडा दाबला.

"हीपण चेपलीये, अप्पा."

"चेपणारच. त्या मळेवाल्याची रायफल सेमी-ऑटोमॅटिक, अल्ला? हो ना?" रणोजीराव वजनकाट्यावरून मान न उचलता म्हणाले. "बार झाला की आतली आकडी पुंगळीचं बूड धरून हिसकते आणि बाहेर भिरकावते. तोंड आपटतंच. ते आपण सरळ करतो. बुडावरचा ओरखडा मात्र जन्मात जात नाही."

पोलिसांच्या शस्त्रागारात तीस वर्षं काढून रणोजीराव निवृत्त झाले होते. तरी सरस्वतीपुरमच्या घरातली मागची खोली त्यांनी शस्त्रागारासारखीच लावली होती. रविवारी रायफल क्लबात जायचं, कॉफीच्या मळेवाल्याने टाकून दिलेल्या पुंगळ्या वेचून आणायच्या आणि जावयाच्या सरावासाठी त्या पुन्हा भरायच्या. जावई नागेंद्रची रायफल साधी, हाताने बोल्ट ओढायची. तिच्यातून पुंगळी अलगद बाहेर यायची, तोंड गोलच्या गोल.

तोंडं सरळ करणं अनुसूयेकडे होतं. हातातली खुंटी तिच्या सासऱ्यांनी दिलेली, कापडावर छाप मारायच्या जुन्या ठशाची मूठ तासून केलेली. रंगाऱ्यांच्या घराण्यात आता एवढंच उरलं होतं. खुंटी न अडता मुठीपर्यंत गेली की पुंगळी भरायला तयार. मळेवाल्याच्या पुंगळीत खुंटी पहिल्याच फटक्यात गेली, असं आजवर एकदाही झालं नव्हतं.

आज मात्र तिचं अर्धं लक्ष फाटकाकडे होतं. नागेंद्रला वनखात्याने सकाळीच बोलावून नेलं होतं. मंगळवारी तो बैलकुप्पेच्या मठात लामांसाठी तांबडं कापड पोचवायला गेला होता. त्याच दिवशी पलीकडच्या जंगलात कुणीतरी गव्याची गाभण मादी मारली. नागेंद्रची जीप त्या रस्त्यावर दिसली होती आणि जीपमध्ये रायफल होती.

"मी बंदूक खाली काढलीसुद्धा नाही गं," तो जाताना म्हणाला होता. लग्नाच्या वर्षी हिंगलाजमातेपुढे हात ठेवून त्याने शिकार सोडली होती. तिचा त्याच्यावर विश्वास होता. पण नवा कायदा कडक होता, आणि नुसत्या विश्वासावर कोण सोडतंय?

फाटक वाजलं. रेंजर नरसिंहमूर्ती आत आले, मागे नागेंद्र. त्याचा चेहरा उतरला होता.

"राव साहेब," रेंजर कन्नडात म्हणाले, "गव्याजवळ ही पुंगळी सापडली. तुमच्या जावयाच्याच मापाची. बेंगळूरला पाठवली तर दोन महिने जातील आणि तोवर यांना आत ठेवावं लागेल. तुमच्या शब्दावर कोर्टाने माणसं सोडलेली मी पाहिलीयेत. जावई असला तरी तुम्ही खोटं सांगणार नाही."

अप्पांनी चष्मा लावला. पुंगळीचं तोंड अंगठ्याच्या आणि बोटाच्या चिमटीत धरून बूड खिडकीकडे केलं. बराच वेळ पाहिलं. मग खणातून दुसरी एक पुंगळी काढली, नागेंद्रने दुकानातून घेतलेल्या काडतुसाची.

"ही याच्या रायफलीतली. बूड बघा, गुळगुळीत. आता तुमची बघा. हा ओरखडा दिसतो? आकडीने हिसकलंय. बोल्टच्या रायफलीने असं होत नाही. ही सेमी-ऑटोमॅटिकमधून गेलेली आहे."

रेंजरने दोन्ही बुडं शेजारी धरून पाहिली. अनुसूयेनेही वाकून पाहिलं. शंभरदा पाहिलेला ओरखडा तो, चुकणं शक्यच नव्हतं. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळे भरून आले आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

"एवढं लिहून द्या," रेंजर म्हणाले. त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं. "मलाही बरं वाटेल. सज्जन माणसाला धरून नेलं की जेवण जात नाही."

अप्पा लिहायला बसले. नागेंद्र आरामखुर्चीत टेकला आणि सकाळपासून पहिल्यांदा हसला. "अनु, स्वल्प कॉफी कर गं. सगळ्यांना."

तिने भराभर कॉफी केली. तबक ठेवायला जागा हवी, म्हणून टेबलावरची रेंजरची पुंगळी तिने उचलली.

"अनुसूया, ती राहू दे इथंच," अप्पा लिहिता लिहिता म्हणाले.

"कॉफी सांडेल, अप्पा. आत नीट ठेवते."

तिने ती मागच्या खोलीत नेली आणि बाकावर साच्याजवळ ठेवली. बाहेर नागेंद्र काहीतरी बोलला आणि रेंजर मोठ्याने हसले. कितीतरी तासांनी घर घरासारखं वाटत होतं. संध्याकाळी देवीपुढे नारळ फोडायचा, तिने ठरवलं.

हाताला सवय होती. समोर पुंगळी दिसली, तशी तिने खुंटी उचलली आणि तोंडाला लावली.

खुंटी कुठेच न अडता मुठीपर्यंत आत गेली. बुडावर ओरखडा मळेवाल्याच्या आकडीचा; तोंड मात्र नागेंद्रच्या रायफलीतून निघाल्यासारखं, गोलच्या गोल.