पेल्हॅमच्या शेतातला मोर

जमिनीतला धातू हुडकणारं मशीन किंचाळलं तसे मुरलीधरराव गुडघ्यांवर बसले. खुरप्यानं चार बोटं माती उकरली आणि तळहातावर अंगठ्याएवढा, हिरवट पडलेला धातूचा पक्षी आला.

"ट्रेव्हर! अरे, लवकर ये इकडे!"

ट्रेव्हर म्हणजे इंग्लंडातल्या वॉटफर्डच्या मेटल डिटेक्टर क्लबातला जाणता माणूस. जमिनीतली वस्तू नुसती हातात घेऊन तिचं शतक सांगणारा. तो धावतच आला. दोन वर्षं दर शनिवारी मुरलीधरराव पेल्हॅमच्या या शेतात मशीन फिरवत होते आणि मिळालं काय, तर कोकच्या डब्यांच्या कड्या, वाकडे खिळे आणि एक चमचा. क्लबातले बाकीचे लांबलांबच्या शेतांत जायचे. पण मुरलीधररावांना घरून फर्मान होतं, "लांब कशाला? पेल्हॅमकडेच जा. जेवायला वेळेवर याल." सुनेत्राबाईंच्या फर्मानापुढे कुणाचं काय चालणार!

ट्रेव्हरनं खिशातून भिंग काढलं. "मोर आहे. कुठल्यातरी सरदाराच्या घोड्याच्या साजावरचा असणार. पाचशे वर्षं तरी जुना. मर्ली, क्लबच्या मासिकात पहिल्या पानावर तुझा फोटो!"

मुरलीधरराव हरखले. पहिलं पान! त्यांनी बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवला आणि मोर हलक्या हातानं पुसला. तीन पिसांचा तुरा दिसला. मधलं पीस तुटलेलं. त्यांनी मोर उलटा केला. पायांखाली स्क्रूसारखे आटे होते.

अरे लबाडा! तू होय!

सुनेत्राबाईंच्या माहेरच्या समईवरचा मोर होता तो. लग्न होऊन इंग्लंडला येताना त्यांनी ती पितळी समई साड्यांत गुंडाळून आणली होती. तुऱ्याचं मधलं पीस त्यांच्याच हातून, परकरी वयात तुटलेलं. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत मुरलीधररावांनी हा मोर काढला, चिंचेनं लख्ख घासला आणि परत बसवला. आठवड्याभरात तो गायब.

"तुम्हीच घासलात, तुम्हीच घालवलात," सुनेत्राबाईंनी निकाल देऊन टाकला. तेव्हापासून रोज संध्याकाळी बोडकी समई लागायची आणि तिच्या जोडीला एक टोमणा यायचा. पाहुण्यांसमोरसुद्धा. "यांच्या काही लक्षात राहत नाही हो हल्ली." ऐकून ऐकून मुरलीधररावांनाच ते खरं वाटायला लागलं. चष्मा सापडला नाही की मनात यायचं, आपलं डोकं चाललं की काय? ही भीती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

"ट्रेव्हर, हा सरदाराचा नाही रे. माझ्या बायकोचा आहे."

ट्रेव्हरनं आटे बघितले आणि कपाळाला हात लावला. "ग्रीन वेस्ट! लोकांच्या बागेतल्या कचऱ्याचं खत होतं आणि पेल्हॅम ते इथं पसरतो. काय वाट्टेल ते निघतं त्यातून. पण समईचा मोर बागेच्या बिनमध्ये गेला कसा?"

मुरलीधररावांना एकदम आठवलं. निर्माल्य! देवाची फुलं कचऱ्यात टाकायची नाहीत, म्हणून सुनेत्राबाई दर शुक्रवारी निर्माल्य कागदात बांधून बागेच्या बिनमध्ये, पालापाचोळ्यावर अलगद ठेवायच्या. वर नमस्कार करायच्या. त्या पुडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. म्हणजे मोर सैल होऊन फुलांत पडला, आणि बाईसाहेबांनी हात जोडून त्याची बोळवण केली!

पहिलं पान गेलं खड्ड्यात. मुरलीधरराव त्या चिखलात, बाहत्तराव्या वर्षी, चक्क नाचले. घरी जाताना गाडीत त्यांनी भाषण तीनदा घोकलं.

"बूट बाहेर काढा. काय सापडलं?" सुनेत्राबाईंनी दारातच पिशवी काढून घेतली. दर शनिवारी त्या अशीच पिशवी तळापर्यंत तपासायच्या. केवढं हे आपल्या छंदाचं कौतुक, असं मुरलीधररावांना वाटायचं. मशीनसुद्धा त्यांनीच वाढदिवसाला दिलेलं.

"पिशवीत नाहीये," म्हणत त्यांनी खिशातून मोर काढला आणि ओट्यावर ठेवला. "ओळखीचा वाटतोय? निर्माल्यातून गेला होता. तुझ्या निर्माल्यातून! मी काही विसरलो नव्हतो, सुनेत्रा. माझं डोकं ठिकाणावर आहे." घोकलेलं भाषण इथंच संपलं होतं. पण पुढचं आपोआप बाहेर पडलं. "मी गुपचूप डॉक्टरकडे जाऊन मेमरी टेस्ट करून आलो, माहितीये?"

सुनेत्राबाई तुटक्या तुऱ्यावरून बोट फिरवत होत्या. बोट थांबलं.

"अहो, काहीतरीच काय! तुमच्या डोक्याला काय धाड भरलीय?" त्यांचे डोळे भरून आले. कार्डिगनच्या बाहीनं त्यांनी ते पुसले. "चुकलं माझं. मोर माझ्याच हातून गेला, हे मला आठवड्यात कळलं होतं. कचरा उचलणाऱ्या कौन्सिलला फोनसुद्धा केला. आमच्या रस्त्यावरच्या बिनांमधलं खत कुठं जातं म्हणून विचारलं, तर पेल्हॅमच्या शेतात म्हणाले."

मुरलीधरराव खुर्चीवर बसले. "तीन वर्षं ठाऊक होतं तुला? मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर जन्मभर तुमचे टोमणे ऐकावे लागले असते," मोर समईवर घट्ट पिळत सुनेत्राबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा तुम्हाला मशीन घेऊन दिलं."