मधला पट्टा

तळ्यात दिवसभर मनसोक्त डुंबून पोरं गाडीत येऊन बसली. ताई एका खिडकीशी, धाकटा दुसरीशी. बाबाने गाडी चालू केली आणि सीटबेल्टचा भोंगा कोकलायला लागला. समोर दिवा लागला होता तो मागच्या मधल्या सीटचा.

"ओल्या टॉवेलांचं वजन असेल," तो म्हणाला. गॅरेजात गिऱ्हाइकांना तो हेच सांगायचा.

बायकोने टॉवेल उचलून मांडीवर घेतले. सीट रिकामी झाली, तरी भोंगा थांबेना.

शेवटी ताईने मधला पट्टा ओढून खटकन लावला, तेव्हा कुठे आवाज बंद झाला. घर येईपर्यंत दोघं पोरं आपापल्या दाराला चिकटून बसली, मधे जागा सोडून.

दारात गाडी थांबताच बायको पोरांना घेऊन आत गेली. त्याने किल्लीला हात घातला, तोच मागे पट्टा खट्‌कन सुटला आणि भोंगा पुन्हा सुरू झाला.

घाबरायला हवं होतं, पण दिवसभर पोरांमागे धावून अंगात तेवढंही त्राण नव्हतं. तो खाली उतरला आणि पोरांसाठी नेहमी धरायचा तसं त्याने मागचं दार उघडून धरलं.

"चल बाळा, उतर. घर आलं."

भोंगा थांबला.