चित्त्याची टोपी

"उचला की चाचा! आता कुणाची वाट बघताय?" कल्लाप्पा मोठ्यानं म्हणाला.

ऊसतोड थांबली होती. कोडोलीच्या त्या फडात, पाचटावर बिबट्याची दोन पिलं एकमेकांना बिलगून पडली होती. तोडकऱ्यांनी कोयते उगारले तसा फडाचा मालक कल्लाप्पा आडवा झाला. जैनाच्या रानात हत्या? छे! त्यानं जीप धाडून कोल्हापुरातनं मीरासाबला आणवलं. संस्थानाच्या काळात मीरासाब दरबारचे शिकारी चित्ते सांभाळायचा. पिलं त्याच्या हवाली केली की पाप टळलं आणि वर पुण्यही लागलं, असा कल्लाप्पाचा सरळ विचार.

मीरासाबनं येताना साखळी आणली होती. चित्त्याच्या डोळ्यांवर चढवायची कातडी टोपीही आणली होती. संस्थान गेलं, चित्ते तर देशातनंच संपले, तरी म्हातारा दर शुक्रवारी त्या टोपीला तेल लावायचा. "एक जनावर द्या, अजून दाखवतो," हे त्याचं पालुपद ऐकून गल्लीचे कान किटले होते. आज लेक मलिकाही मुद्दाम सोबत आली होती. अब्बांचं नशीब उघडलं म्हणून तिला कोण आनंद!

म्हातारा उकिडवा बसला. एक पिलू त्याचं बोट चोखायला लागलं. त्याचे डोळे भरून आले.

"कल्लाप्पा, औंदा डुकरांनी ऊस किती लोळवला?"

"औंदा? फिरकलीच न्हाईत बघा. गेल्या साली निम्मा फड खाल्लता."

"मग ह्यांच्या आईनंच राखलाय की तुझा फड. राखणदाराची पोरं घालवतोस व्हय?"

मीरासाब उठला. पिलं होती तिथंच राहिली.

"ह्या अंगाचा ऊस तोडू नगंस. पिलं चालती हुस्तवर उभा ऱ्हाऊ दे. आई येतीया सांजच्याला."

"न्हाई तोडत," कल्लाप्पा म्हणाला आणि तोडकऱ्यांना घेऊन दुसऱ्या टोकाला गेला.

मलिकाला राहवेना. "अब्बा, उभा जन्म वाट बघितली आन् हातात आलेलं सोडताय? एवढी पिलं वाढवलेला माणूस तुम्ही!"

म्हाताऱ्यानं टोपी तिच्या हातात दिली.

"पिलं कुठली, पोरी? रानातनं धरून आणलेले मोठे चित्ते सांभाळले मी. मटण घातलं, निजायला खाटा दिल्या, पोटच्या पोरागत जपलं. पर साखळीला बांधल्यावर एकीलाबी पिलू झालं न्हाई. पिलू मी आज पयल्यांदाच बघतोय."