मुळाशी गाठ

"माती माझ्या शब्दाबाहेर नाही!" रोपवाटिकेचे मालक सांगत. मातीतल्या सूत्रकृमींना, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक किड्यांना, कान नसतात. टोमॅटोच्या मुळांवरच्या गाठी ते पाहुण्यांना कौतुकानं दाखवत, "बघा, वाटाण्याला येतात तशा! झाड स्वतःच खत बनवतंय." आज तपासनीस बाईंनी गाठ भिंगाखाली चिरली. "काका, वाटाण्याची गाठ नखानं सुटते. इथं मूळच सुजलंय. आत सूत्रकृमी आहेत. ही रोपं जातील तिथली माती वर्षानुवर्षं नासेल." मालकांच्या पायाखालची जमीन सरकली, तीही कृमींसकट. सकाळीच हजार रोपं लेकीच्या नव्या पॉलिहाऊसमध्ये गेली होती. फोन लागेना. रोपवाटिकेतल्या चिखलानं भरलेल्या बुटांनिशी ते धावत तिथं घुसले. "लावू नकोस गं! माझी माती किडलीय!" लेकीच्या हातातलं रोप गळालं. नऊ वाफे लावून झालेले. त्यांच्या बुटांकडे बघून ती म्हणाली, "बाबा, एकच वाफा कोरा राहिलाय. जरा त्यातून बाहेर येता का?"