अपवाद न करता

इल्झे लुडेके मंगळवारी पहाटे वारली. पण डॉक्टर येऊन, तपासून, कागदावर सही करेपर्यंत कायद्याने कोणी वारत नाही, आणि डॉक्टरची मोटार घरापासून तीन किलोमीटर अलीकडे, जंगलाच्या तोंडाशी, सिमेंटच्या खांबापुढे अडली होती. तेव्हा ती वारलेली नाही असंच धरून चालू.

तिचा नवरा हायनर तसंच धरून चालला होता. माणूस गेलं की त्या खोलीची खिडकी उघडायची, अशी तिकडची रीत. त्याने उघडली. मग लक्षात आलं, अजून सही झालेली नाही. त्याने ती पुन्हा लावून घेतली आणि स्वयंपाकघरात येऊन सायकलमार्ग कार्यालयाला फोन केला.

"तो खांब काढा," तो म्हणाला. "डॉक्टरला आत येता येत नाहीये."

"चालत येऊ दे की," कार्यालयातल्या बाई, फ्राऊ टेश, म्हणाल्या.

"बहात्तर वर्षांचा आहे. दोन्ही गुडघे बदललेले."

"मग सायकलवर."

"फ्राऊ टेश, गुडघे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "हेर लुडेके, इतर मार्गांवरच्या खांबांना कुलूप असतं. अग्निशामक दलाकडे किल्ली असते. तुमच्याकडचा नुसताच गाडलाय."

"तो का?"

"अर्जात तसं मागितलं होतं. वाचते. 'वाल्सेन तळ्याकाठचा रस्ता सर्व मोटारींना कायमचा बंद करावा, अपवाद न करता.' शेवटच्या तीन शब्दांखाली दोन रेघा आहेत. पट्टीने मारलेल्या."

हायनर ती पट्टी ओळखत होता. लाकडाचे ट्रक आणि बर्लिनच्या लोकांच्या शनिवार-रविवारच्या गाड्या यांच्याविरुद्ध इल्झेने नऊ वर्षं अर्ज केले होते. छत्तीस फेटाळले गेले. सदतिसावा मंजूर झाला त्या दिवशी दोघांनी रस्त्याच्या मधोमध खुर्च्या टाकून केक खाल्ला होता.

"अर्ज तिचाच आहे," तो म्हणाला.

"तेच सांगतेय. आम्ही आपलं मागितलं ते दिलं."

खिडकीबाहेर घंटी वाजली. पिवळी जाकिटं घातलेलं एक जोडपं सायकली टेकवून उभं होतं. सायकलमार्गाच्या नकाशात या घरावर कपाचं चित्र आहे, असं बाई म्हणाल्या. हायनरने रिसीव्हर छातीशी धरून दोन कप कॉफी ओतली.

"एका मोटारीचा आवाज नाही," पुरुष म्हणाला. "मजा आहे बुवा तुमची."

"हो."

"केक नाही का? इथल्या केकबद्दल फार ऐकून आलोय."

"केक बायको करते. ती झोपली आहे."

"साडेनऊ वाजता? हेवा वाटतो."

"अहो, हळू बोला ना," बाईंनी नवऱ्याला दटावलं. दोघांनी उभ्या उभ्या, आवाज न करता कॉफी प्यायली आणि दोघं चवड्यांवर चालत सायकलींपर्यंत गेली.

फ्राऊ टेश अजून फोनवर होत्या. "आमच्याकडे तीनचाकी मालवाहू सायकल आहे, बोटींच्या धक्क्यावर. शुक्रवारपर्यंत कोणी घेतलेली नाही."

"डॉक्टरला आणायला?"

"आणायला म्हणा, न्यायला म्हणा. अट एकच, बसणाऱ्याला दांडी धरून सरळ बसता आलं पाहिजे. डॉक्टर तयार आहेत का?"

"विचारलं मघाशी. म्हणाला, बटाट्याच्या पोत्यासारखा येणार नाही. आणि त्याच्या मागे आता शववाहिनीही येऊन थांबली आहे. तिचा चालक आणि डॉक्टर पत्ते खेळतायत."

"मग मिसेसना खांबापर्यंत आणता येईल. बसता येईल ना त्यांना?"

"काल येत होतं."

फ्राऊ टेशनी हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाल्या, "मला फार वाईट वाटतंय, हेर लुडेके."

"इतक्यात नको. सही व्हायची आहे."

"हो. तेही खरंच." पुन्हा कागद चाळले गेले. "एक तरतूद आहे. ते तीन शब्द अर्जातून वगळता येतात. मूळ अर्जदाराने ओळखपत्र घेऊन आठ दिवसांत स्वतः इथे यायचं, आमच्यासमोर सही करायची. सोमवार ते गुरुवार, दुपारी बारापर्यंत."

"माझी सही चालेल?"

"नाही. तुम्ही परस्पर सह्या करता, अशी मिसेसचीच तक्रार आहे आमच्याकडे. अकराव्या अर्जासोबत जोडलेली."

"ते विम्याचं होतं," हायनर म्हणाला. त्याने फोन ठेवला.

तो आतल्या खोलीत गेला आणि पलंगाच्या कडेला बसला. तिचा हात हातात घेतला. हात गार होता. तिचे हात कायमच गार असायचे, त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. बाहेरून सायकली जात होत्या. चाकांचा सरसर आवाज, मधूनच एखादी घंटी, मग पुन्हा नऊ वर्षं भांडून मिळवलेली शांतता. ती त्याला मोटार असल्यासारखी अंगावर येत होती.

दुपारपर्यंत तो तसाच बसला. मग तिच्या टेबलाशी जाऊन त्याने कोरा कागद घेतला आणि जमेल तितक्या चांगल्या अक्षरात लिहिलं:

"प्रति, सायकलमार्ग कार्यालय. अर्जदार श्रीमती इल्झे लुडेके या सध्या कार्यालयात प्रत्यक्ष हजर राहू शकत नाहीत. त्यासाठी दिलेली आठ दिवसांची मुदत त्यांना अपुरी आहे. तरी त्यांना मुदतवाढ मिळावी, ही विनंती. मुदतवाढ कितीही मोठी असली तरी अर्जदाराच्या पतीची हरकत नाही."